शांता आपटे यांचं उपोषण म्हणजे स्वभावाचा किस्सा नव्हे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मराठी बोलपटांच्या सुरुवातीच्या नायिकांवरचा लेख वाचला. दुर्गाबाई खोटे यांच्याबद्दल त्यात भरभरून लिहिलं आहे, आणि ते योग्यच आहे. शांता आपटे यांना मात्र जेमतेम चार ओळी मिळाल्या. 'कुंकू'मधली नीरा, गोड गळा, बोलके डोळे, आणि शेवटी असं की स्वभावाने त्या फार तापट होत्या, एकदा तर चक्क 'प्रभात' फिल्म कंपनीच्या दारात उपोषणाला बसल्या होत्या. लेख तिथून पुढच्या नायिकेकडे जातो. त्या शेवटच्या ओळीसाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबलं आहे याची मला कल्पना आहे, पण ही गोष्ट थोडक्यात सांगितली की तिचा किस्साच होतो, आणि आजवर तेच होत आलं आहे.

माझी ओळख सांगते, म्हणजे मी हे कुठून बोलते आहे ते कळेल. मी मराठी मालिकांच्या सेटवर हेअरड्रेसर होते. आधी मुंबईत, मग पुण्यात, थोडे दिवस कोल्हापुरातही. आंबाडे घातले, गंगावनं लावली, नऊवारीवरचे खोपे बांधले, पहाटेच्या कॉल टाइमला झोपाळलेल्या मुलींची डोकी विंचरली. नटी कॅमेऱ्यासमोर उभी राहण्याआधी शेवटचा हात आमचा लागतो आणि पॅकअपनंतर पहिला हातही आमचाच. त्यामुळे पडद्यावरची बाई आणि खुर्चीत बसलेली बाई यांच्यातलं अंतर मी फार जवळून पाहिलं आहे. जुन्या चित्रपटांची आवड मला वडिलांमुळे लागली. शांताबाईंबद्दल मात्र मी वाचायला लागले ते नोकरीतल्या एका अनुभवानंतर. त्याबद्दल पुढे लिहिते.

शांताबाईंचा जन्म दुधनीचा. सोलापूरकडून गुलबर्ग्याच्या बाजूला जाताना अक्कलकोट तालुक्यात हे स्टेशन लागतं. वडील स्टेशनमास्तर होते आणि गाण्याचे वेडे होते. मुलीला पहिले सूर त्यांनीच दिले. मग पंढरपूरच्या संगीत विद्यालयात शिक्षण झालं, आणि पुण्यात गणेशोत्सवात ही मुलगी भजनं गाऊ लागली. १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मध्ये ती राधा झाली, शाहू मोडक कृष्ण झाले. तो चित्रपट मुंबईत पंचवीस आठवड्यांच्या वर चालला. त्याच वर्षी 'अयोध्येचा राजा'मध्ये दुर्गाबाई तारामती झाल्या. दुर्गाबाईंच्या मागे लाड आडनावाचं श्रीमंत, इंग्रजी शिकलेलं घर होतं, आणि अशा घरातली बाई चित्रपटात आली याचं त्या काळी सगळ्यांनाच नवल वाटलं. दुधनीच्या स्टेशनमास्तरांच्या लेकीच्या मागे तसं काही नव्हतं. होती ती थोरल्या भावाची, बाबूरावांची, फार करडी देखरेख. हा फरक मी मुद्दाम सांगते आहे. करारावर सही करताना घरची परिस्थिती कशी आहे, यावर पुष्कळ काही ठरतं.

त्यांच्या जन्मसालाबद्दल अजून एकमत नाही. कुणी १९१६ सांगतं, कुणी १९२३. मला हा वाद केवळ अभ्यासकांचा वाटत नाही. १९१६ धरलं तर 'कुंकू'तली नीरा साकारणारी मुलगी एकवीस वर्षांची होती आणि उपोषणाला बसली तेव्हा तेवीस. १९२३ धरलं तर ही वयं चौदा आणि सोळा होतात. दोन्हींतलं काहीही खरं असो, एका मोठ्या नावाजलेल्या कंपनीसमोर एकटी उभी राहणारी ही मुलगी पोरसवदाच होती. आपल्या लेखातला 'तापट' हा शेरा मला वयाचा हा हिशेब मांडल्यावर जास्तच लागला.

'प्रभात' १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झाली आणि १९३३ साली पुण्याला आली. पुण्याच्या नव्या स्टुडिओतला पहिला चित्रपट 'अमृतमंथन', साल १९३४, आणि त्यात शांताबाई होत्या. नायकाच्या बहिणीचं काम होतं, पण लोकांच्या लक्षात राहिली ती तीच. तोवर पडद्यावर गाणाऱ्या नट्या बहुधा एका जागी उभ्या राहून, नजर स्थिर ठेवून, रंगभूमीवरच्यासारखं पद म्हणायच्या. शांताबाई गाताना हातांनी, मानेनं, भुवयांनी बोलत. गाणं चालू असताना त्या पात्रातून बाहेर पडत नसत. आज हे आपल्याला अगदी साधं वाटतं. पण पहिल्यांदा कुणीतरी तसं करावं लागलं, आणि करणाऱ्यांत त्या अगदी पुढे होत्या. १९३६च्या 'अमरज्योती'त दुर्गाबाई सौदामिनी आणि शांताबाई नंदिनी अशा दोघी एकाच चित्रपटात दिसतात. ज्यांना दोघींच्या अभिनयाची जात कळून घ्यायची असेल त्यांनी तो जरूर पाहावा.

आणि मग १९३७चा 'कुंकू'. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा, व्ही. शांताराम, म्हणजे शांताराम बापू यांनी दिग्दर्शित केलेला. मामाकडे वाढलेल्या पोरक्या नीरेला फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतात. ते काकासाहेब म्हणजे केशवराव दाते. नीरा रडत बसत नाही, जीव द्यायला जात नाही, नशिबाला बोलही लावत नाही. हे लग्न मला मान्य नाही, एवढी एक गोष्ट ती धरून ठेवते आणि घरात राहून, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत ती पाळते. सावत्र मुलगा अंगचटीला येऊ पाहतो तेव्हा त्याला झोडपून काढते. काकासाहेबांची मोठी लेक सुधारक विचारांची आहे, आणि ते काम केलं होतं शकुंतला परांजपे यांनी, ज्या प्रत्यक्ष आयुष्यातही संततिनियमनाच्या प्रचाराचं काम करत होत्या. तो प्रसंग आला की पुण्यातल्या प्रेक्षकाला पडद्यावर आणि पडद्याबाहेर एकच बाई बोलताना ऐकू येत असणार.

'कुंकू'त पार्श्वसंगीत नाही. घरातले आवाज तेवढे आहेत. भिंतीवरचं घड्याळ, पावलं, भांडी, दारं. जी गाणी आहेत ती पात्रं खरोखर म्हणतात म्हणून आहेत. लाँगफेलोची इंग्रजी कविता नीरा म्हणते, तीसुद्धा शांताबाईंनी स्वतःच्याच गळ्यानं. अशा चित्रपटात नटीला लपायला जागा नसते. आजच्या मालिकेत मुलीच्या डोळ्यांत पाणी येण्याआधी व्हायोलिन सुरू होतं, आणि निम्मं काम ते व्हायोलिनच करतं. 'कुंकू'त शांताबाईंच्या मागे घड्याळाची टिकटिक आहे आणि बाकी सगळं त्यांना करायचं आहे.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगू द्या, ती कुणी लिहिलेली मी वाचलेली नाही. 'प्रभात'मध्ये त्या काळी बहुतेक चित्रपट मराठी आणि हिंदी असे एकाच वेळी तयार होत. 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' अशीच जोडी. त्याच सेटवर, त्याच कपड्यांत, तोच प्रसंग आधी एका भाषेत आणि मग दुसऱ्या भाषेत. म्हणजे नीरेचं प्रत्येक रडणं, प्रत्येक ओरडणं शांताबाईंनी दोनदा केलं. एकदा मराठीत, एकदा हिंदीत, आणि प्रत्येकाचे जे काही टेक झाले असतील ते वेगळे. मी कंटिन्यूइटीसाठी बटा मोजलेली बाई आहे. झोंबाझोंबीच्या प्रसंगात केस विस्कटतात, ते पुन्हा नीट करायचे आणि पुन्हा तेवढेच, तसेच विस्कटायचे, हे आमचं काम. पण आतून विस्कटलेलं माणूस पुन्हा नीट करून पुन्हा विस्कटायचं, ते नटीचं काम. तेही तापलेल्या दिव्यांखाली, वातानुकूलन नसताना, भर उन्हाळ्यातही. एका पगारात दोन चित्रपट, असा त्याचा सरळ अर्थ आहे. 'कुंकू' पाहताना आपण शांताराम बापूंच्या प्रतिभेबद्दल बोलतो, बोलायलाच हवं. त्या दुहेरी कष्टाबद्दल कुणी बोलत नाही.

'प्रभात'बद्दल माझ्या मनात आदर आहे, हे स्पष्ट लिहिते. 'संत तुकाराम' देणाऱ्या कंपनीबद्दल मराठी माणसाला दुसरं काय वाटणार? तिथे शिस्त होती, कामाचा दर्जा होता, पगार होते, आणि पुष्कळ भुरट्या कंपन्यांत तेवढंही नव्हतं. पण शिस्त ही मालकाच्या बाजूनं पाहिली तर वेगळी दिसते आणि पगारी माणसाच्या बाजूनं वेगळी. स्टुडिओच्या त्या पद्धतीत नट-नटी महिन्याच्या पगारावर करारानं बांधलेले असत. काम कुठलं, कधी, किती, हे कंपनी ठरवणार. नावाची किंमत बाजारात वाढली तरी करार संपेपर्यंत ती वाढ कंपनीच्या तिजोरीत. 'कुंकू'नंतर शांता आपटे हे नाव मुंबई-पुण्यापुरतं राहिलं नव्हतं, हिंदीमुळे ते देशभर गेलं होतं. १९३८च्या 'गोपालकृष्ण'मध्ये त्या पुन्हा राधा झाल्या आणि तोही चित्रपट चालला. अशा वेळी करार आणि पगारावरून वाद झाला, तर त्यात स्वभावाचा भाग किती आणि व्यवहाराचा किती, हे आपल्या लेखकानं स्वतःला एकदा विचारायला हवं होतं.

जुलै १९३९मध्ये शांताबाई 'प्रभात'च्या फाटकाशी उपोषणाला बसल्या.

हे वर्ष लक्षात घ्या. त्याच वर्षी मार्चमध्ये गांधीजींनी राजकोटला उपोषण केलं होतं. त्याआधी सात वर्षांपूर्वी येरवड्याच्या तुरुंगातलं त्यांचं उपोषण आणि पुणे करार हे तर याच शहरात घडलेलं. आणि आठच महिन्यांपूर्वी, ७ नोव्हेंबर १९३८ला, मुंबईच्या कामगारांनी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप केला होता, त्यात डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले होते. अन्न नाकारणं आणि काम थांबवणं या दोन्ही गोष्टींचा अर्थ तेव्हाच्या प्रत्येक मराठी माणसाला नीट ठाऊक होता. शांताबाईंनाही होता. नखरे करायचे तर नटी घरी बसते, डोकं दुखतं म्हणते, शूटिंगला उशिरा येते. मालकाच्या फाटकाशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, उपाशी बसत नाही. ते करते ती कामगार बाई, जिच्याजवळ मालकाला अडवायला स्वतःच्या शरीराखेरीज दुसरं काही नसतं. वर्तमानपत्रांनी तेव्हा या बातमीची दखल घेतली. तुमच्याकडच्या जुन्या फायलींतही ती सापडू शकेल.

त्यानंतर 'प्रभात'शी त्यांचा संबंध संपला.

आता तो अनुभव. एका मालिकेच्या सेटवर एक मुलगी मुख्य भूमिकेत होती. खानदेशातल्या लहान गावातून आलेली, वडिलांची शेती, पाठीवर दोन भावंडं. मालिका चालायला लागली तशी शिफ्ट बारा तासांवरून चौदा-पंधरावर गेली. पैसे नव्वद दिवसांनी मिळतील असं कागदावर होतं, प्रत्यक्षात त्याहून उशिरा मिळत. आमचेही तसेच मिळत. नव्वद दिवस हा आमच्या धंद्यातला इतका रुळलेला आकडा आहे की त्याबद्दल कुणाला विचित्रसुद्धा वाटत नाही. त्या मुलीला ताप होता, तरी दोन दिवस पावसातला सीन चालू होता. नळीनं पाडलेल्या पावसातला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती तयार होऊन बसली, मी केस बांधून दिले, आणि ती म्हणाली, "ताई, माझे राहिलेले पैसे आल्याशिवाय आज मी उठणार नाही." आवाज चढवला नाही, रडली नाही. नुसती बसून राहिली. चहा आला तो घेतला नाही, नाश्ता घेतला नाही.

बाहेर तासाभरात तिच्याबद्दल काय काय बोललं गेलं ते मी ऐकलं आहे. डोक्यात हवा गेली. घरचे शिकवतात. एवढ्यात हे, तर पुढे काय करेल. प्रॉडक्शनचा माणूस माझ्याकडे येऊन म्हणाला, तुमचं ऐकते ती, समजवा तिला. मी तिच्यामागे उभी होते, हातात कंगवा. तिच्या जागी मी असते तर माझे राहिलेले पैसे मला मागता आले असते का, हा विचार मला सुचला. मी तिला काही समजावलं नाही. तिच्याशेजारी स्टूल ओढून बसले. संध्याकाळी तिला थोडे पैसे मिळाले आणि पुढच्या काही महिन्यांत कथानकात तिचा अपघात होऊन तिच्या जागी दुसरी मुलगी आली. आता ती मुलगी नाशिकला नृत्याचे वर्ग घेते. सेटवर तिचं नाव निघालं की आजही 'ती ना, फार नखरेल होती' असंच सांगतात. ज्यांनी तिला कधी पाहिलेलं नाही तेही सांगतात.

त्या रात्री मी पुस्तकांत शोधलं, आणि शांता आपटे यांच्या उपोषणाबद्दल पहिल्यांदा सगळं नीट वाचलं. चौऱ्याहत्तर काय नि पंचाहत्तर वर्षं काय, बाईनं तेच करायचं आणि बाहेरच्यांनी तेच म्हणायचं. म्हणून आपल्या लेखातली ती ओळ मला निरुपद्रवी वाटली नाही.

दुसराही एक किस्सा त्यांच्याबद्दल फार चवीनं सांगितला जातो. 'फिल्मइंडिया'चे संपादक बाबूराव पटेल यांनी काही वाईट लिहिलं म्हणून शांताबाई त्यांच्या कचेरीत गेल्या आणि त्यांना छडीनं बदडलं, असा. 'कुंकू'तली नीरा खऱ्या आयुष्यात उतरली म्हणून लोकांना तो आवडतो. मला त्या किस्स्यात एवढंच दिसतं की नट्यांबद्दल वाटेल ते छापण्याची मोकळीक तेव्हाच्या मासिकांना होती आणि नटीच्या बाजूनं उभं राहील असं दुसरं कुणी नव्हतं. किस्सा सांगणारे छडीपाशी थांबतात. शांताबाई मात्र तिथे थांबल्या नाहीत. त्यांनी पुस्तक लिहिलं.

त्या पुस्तकाचं नाव 'जाऊ मी सिनेमात?', आणि ते १९४० साली, म्हणजे उपोषणानंतर वर्षभरात आलं. आपल्या लेखात त्याचा उल्लेखच नाही, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. नटींची आत्मचरित्रं म्हटलं की आपल्याला हंसा वाडकर यांचं 'सांगत्ये ऐका' आठवतं, ते १९७०चं. दुर्गाबाईंचं त्याहूनही पुढचं. शांताबाईंचं पुस्तक या सगळ्यांच्या कितीतरी आधीचं आहे आणि ते आत्मचरित्र नाही. सिनेमात जाऊ पाहणाऱ्या तरुण मुलामुलींपुढे तिथली खरी स्थिती ठेवण्यासाठी ते लिहिलेलं आहे. पडद्यावर दिसणारा माणूस हा कामगार आहे, त्याचं शरीर आणि त्याची उमेद धंद्यात भांडवलासारखी वापरली जाते आणि झिजली की टाकून दिली जाते, हा विचार त्यात मांडलेला आहे. १९४० साली, मराठीत, एका तरुण नटीनं. आज परदेशातल्या विद्यापीठांत मुंबईच्या चित्रपटसृष्टीतल्या श्रमांवर संशोधन होतं तेव्हा या पुस्तकाचा आधार घेतला जातो. आपल्याकडे मात्र चित्रपटात जाऊ इच्छिणाऱ्या एकाही मुलीच्या हातात ते पडत नाही. अभिनयाचे वर्ग गल्लोगल्ली झाले आहेत, ऑडिशन कशी द्यावी हे शिकवतात, करार कसा वाचावा हे कुणी शिकवत नाही.

'प्रभात' सोडल्यावर त्या संपल्या, असाही एक समज आहे. खरं म्हणजे त्या आणखी लांब गेल्या. १९४१ साली त्या तमिळ 'सावित्री'त सावित्री झाल्या. भाषा शिकून, स्वतःच्या तोंडानं संवाद म्हणून. त्याच चित्रपटात नारदाचं काम एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी केलं. ज्या चित्रपटात सुब्बुलक्ष्मी गाणार आहेत, त्यात दुधनीच्या मुलीनं जाऊन तमिळमध्ये नायिकेचं काम करायचं, याला किती आत्मविश्वास लागला असेल! १९४२ साली लाहोरला पांचोलींच्या 'जमीनदार'मध्ये त्या होत्या, संगीत गुलाम हैदर यांचं. 'दुहाई'मध्ये नूरजहाँ यांच्यासोबत होत्या. १९४६च्या मास्टर विनायकांच्या 'सुभद्रा'त त्या आणि तेव्हा कोवळ्या वयाच्या लता मंगेशकर एकत्र गायल्या आहेत. पुणे, लाहोर, मुंबई, आणि तमिळ चित्रपटही. आज ज्याला आपण फ्रीलान्स म्हणतो ते काम स्टुडिओच्या पगाराबाहेर पडून त्यांनी चाळीसच्या दशकात केलं. मग चित्रपट कमी होत गेले, आणि २४ फेब्रुवारी १९६४ला अंधेरीच्या घरी, काही महिन्यांच्या आजारपणानंतर, त्या गेल्या. जन्मसाल कुठलंही धरा, पन्नाशीही त्यांना मिळाली नाही. मराठी रंगभूमीवरच्या नयना आपटे या त्यांच्या कन्या, हे तरी पुष्कळांना ठाऊक असतं.

मी हे सगळं जुनं उगाळत नाही. ऑगस्ट २०२४मध्ये केरळात न्या. हेमा समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या बायकांच्या कामाच्या स्थितीबद्दलचा. अत्याचारांच्या बातम्या सगळीकडे गाजल्या, पण त्या अहवालात आणखीही साध्या गोष्टी आहेत. लेखी करार नसणं, बाहेरच्या चित्रीकरणात बायकांना स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला जागा नसणं. मी वाचलं तेव्हा वाटलं, हे तर आमच्याच सेटबद्दल लिहिलेलं आहे. शेताच्या बांधाआड साडीचा आडोसा धरून उभ्या राहिलेल्या आम्ही हेअरड्रेसर बायका हे कुणापुढे सांगणार होतो? मराठीत अशी चौकशी कुणी केलेली माझ्या पाहण्यात नाही, पण ज्या बाईनं १९४० साली हे विषय काढले ती मराठी होती, हे तरी आपण विसरू नये.

तर संपादक महोदय, माझं मागणं असं आहे.

'जाऊ मी सिनेमात?'ची नवी आवृत्ती निघावी. राज्य मराठी विकास संस्था, साहित्य संस्कृती मंडळ किंवा एखादा चांगला खासगी प्रकाशक, कुणीही काढावी. पण सोबत त्या काळातले करार, पगार आणि स्टुडिओची पद्धत समजावून देणारी जाणत्या माणसाची प्रस्तावना हवी, नाहीतर आजच्या मुलीला त्यातला राग तेवढा दिसेल आणि त्यामागचा हिशेब दिसणार नाही. किंमत अशी ठेवावी की दिवसाच्या भत्त्यावर काम करणाऱ्या ज्युनिअर आर्टिस्टला ती घेता येईल.

दुसरं, 'प्रभात'चा स्टुडिओ आज फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. लॉ कॉलेज रस्त्यानं मी वरचेवर जाते. २०१५ साली तिथल्या विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या नेमणुकीविरुद्ध १३९ दिवसांचा संप केला, तेव्हा त्या फाटकाशी बसलेली मुलं टीव्हीवर रोज दिसत. याच जागेशी एक नटी एकटी उपाशी बसली होती, हे त्यांतल्या किती जणांना कुणी सांगितलं असेल? 'प्रभात'च्या कीर्तीच्या खुणा त्या आवारात जपल्या आहेत, तशी जुलै १९३९चीही एक पाटी तिथे असावी. त्यानं 'प्रभात'चा मान कमी होणार नाही.

आणि तिसरं आपल्याकडे. पुरवणीत 'तापट' असं छापलंच आहे, तर त्याला जोडून जुलै १९३९च्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या जशाच्या तशा, तारखेसह, एकदा छापा. आपल्या ग्रंथालयात नसतील तर पुण्यात केसरीवाड्यात आणि मुंबईत एशियाटिकमध्ये शोधता येईल. वाचकांना दोन्ही बाजू वाचू द्या, कंपनीचीही आणि शांताबाईंचीही. शोधायला माणूस कमी पडत असेल तर मी येते. वेळ आहे, डोळे चांगले आहेत, आणि मोडी सोडून काहीही वाचता येतं.

कळावे,

आपली,
एक निवृत्त हेअरड्रेसर,
कोथरूड, पुणे